पडद्यावर दिसते, पण कानांना ऐकू येते का?

अंध विद्यार्थ्यांना वाचता येतील अशा स्लाइड कशा तयार कराव्यात?

पुणे, प्रतिनिधी

वर्गात खडू आणि फळा होता, तेव्हा शिक्षक फळ्यावर लिहीत आणि लिहिता लिहिता तेच मोठ्याने म्हणतही असत. समीकरणाची एकेक पायरी हाताबरोबर तोंडानेही पुढे सरकत असे. वर्गात एखादी अंध विद्यार्थिनी असेल तर तिला फळा दिसत नसे. पण फळ्यावर काय चालले आहे याचा अंदाज तिला येत असे. गेल्या पंचवीस वर्षांत फळ्याची जागा संगणकाच्या स्लाइडने घेतली. मजकूर आधीच तयार असल्याने लिहिण्याचे श्रम वाचले आणि त्याबरोबर बोलणेही कमी झाले. ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’, ‘इथे पाहा, हा आकडा तिकडे गेला’ अशा वाक्यांवर व्याख्यान पुढे जाऊ लागले. ज्याला पडदा दिसतो त्याची सोय झाली; ज्याला दिसत नाही त्याच्या हाती केवळ ‘इथे’ आणि ‘तिकडे’ उरले.

कर्वेनगरसारख्या परिसरात हा प्रश्न अधिक जवळचा ठरतो. विधवा आणि निराधार स्त्रियांना शिक्षणाची दारे बंद होती त्या काळात, १८९६ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि पुढे हिंगण्याच्या माळावर त्या कार्याचा विस्तार झाला. त्याच हिंगण्याचे आज कर्वेनगर झाले आहे. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या या आवारात शाळा आहे, वास्तुकलेचे महाविद्यालय आहे आणि १९९१ पासून मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. शेजारच्या कोथरूडमध्ये अंध मुलींची शाळा आहे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीला जवळच्याच महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर तिच्यापुढची अडचण जिन्याची किंवा बसची असेलच. पण रोज सकाळी पहिल्या तासाला तिची गाठ पडेल ती स्लाइडशी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे पावणेसहा लाख होती. त्यांतील शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कोणी तरी तयार केलेली स्लाइड वाचावी लागते.

यासाठी फार मोठा खर्च येतो किंवा वेगळी यंत्रणा उभारावी लागते, असा समज आहे. प्रत्यक्षात लागणारी बहुतेक साधने स्लाइड बनवण्याच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येच असतात. ती न वापरल्यामुळे होणारे नुकसान वाचणाऱ्याला भोगावे लागते. टाळणे मात्र बनवणाऱ्याच्याच हाती असते.

स्क्रीन रीडर काय वाचतो?

अंध व्यक्ती संगणक वापरतात तो स्क्रीन रीडर नावाच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर हे सॉफ्टवेअर कृत्रिम आवाजात वाचून दाखवते किंवा ब्रेल दर्शवणाऱ्या उपकरणाकडे पाठवते. माऊसचा उपयोग नसल्याने सर्व हालचाल कळफलकावरून होते. स्वतः अंध असलेले अमेरिकी प्रोग्रॅमर टेड हेन्टर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ हे सॉफ्टवेअर आणले; ते आजही जगभर वापरले जाते, मात्र त्याची किंमत मोठी आहे. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ची सुरुवात केली, जेम्स टे हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. हे सॉफ्टवेअर विनामूल्य असल्याने आपल्याकडील विद्यार्थ्यांना त्याचा मोठा आधार वाटतो. याखेरीज विंडोजमध्ये ‘नॅरेटर’, अॅपलच्या उपकरणांत ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आधीपासूनच असते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. स्क्रीन रीडर डोळ्यांप्रमाणे पडद्याकडे पाहत नाही. तो फाइलच्या आत नोंदलेली माहिती घेतो : हे शीर्षक आहे, ही यादी आहे, हे चित्र आहे, हा तक्ता आहे. ही नोंद असेल तर वाचन सुरळीत होते. ती नसेल, तर डोळ्यांना देखणी दिसणारी स्लाइड कानांना तुटक शब्दांचा ढीग वाटते. त्यामुळे स्लाइड सुगम करणे म्हणजे प्रामुख्याने ही नोंद नीट ठेवणे होय.

शीर्षक आणि तयार चौकटी

‘पॉवरपॉइंट’ १९८७ मध्ये बाजारात आले. त्यात नवी स्लाइड घेतली की शीर्षक आणि मजकूर यांच्या तयार चौकटी समोर येतात. अनेक जण त्या काढून टाकतात, कोरी स्लाइड घेतात आणि हव्या त्या जागी ‘टेक्स्ट बॉक्स’ काढून मजकूर टाइप करतात. दिसायला फरक पडत नाही. तयार चौकटीतील मजकूर मात्र शीर्षक किंवा मुख्य मजकूर म्हणून नोंदला जातो. टेक्स्ट बॉक्सला अशी ओळख नसते. याची खूण सोपी आहे. ‘आऊटलाइन व्ह्यू’ उघडावा. जो मजकूर तेथे दिसत नाही, तो तयार चौकटीबाहेरचा आहे असे समजावे.

प्रत्येक स्लाइडला शीर्षक असावे आणि ते इतर स्लाइडच्या शीर्षकाहून वेगळे असावे. डोळस माणूस पन्नास स्लाइडवरून नजर फिरवून हवी ती शोधतो. स्क्रीन रीडर वापरणारा शीर्षकांच्या यादीवरून शोधतो. शीर्षकेच नसतील तर त्याला ‘स्लाइड ७, स्लाइड ८, स्लाइड ९’ एवढेच ऐकू येते. सलग चार स्लाइडना ‘प्रकरण दुसरे’ हे एकच नाव दिले असेल तरी अडचण तीच. तेथे ‘प्रकरण दुसरे : व्याख्या’, ‘प्रकरण दुसरे : उदाहरणे’ अशी नावे द्यावीत. रचनेच्या दृष्टीने शीर्षक डोळ्यांना नको असेल, तर ते पडद्यावरून लपवून फाइलमध्ये ठेवण्याची सोयही नव्या आवृत्त्यांत आहे.

वाचनाचा क्रम

स्लाइडवर डावीकडे ‘फायदे’ आणि उजवीकडे ‘तोटे’ असे दोन रकाने आहेत, असे समजा. ज्याने ही स्लाइड केली त्याने आधी दोन्ही मथळे लिहिले आणि मग मुद्दे भरले. स्क्रीन रीडर सहसा याच क्रमाने वाचतो : फायदे, तोटे, आणि त्यानंतर सहा मुद्दे सलग. कोणता मुद्दा फायद्याचा आणि कोणता तोट्याचा, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री अशी स्लाइड ऐकणारी विद्यार्थिनी काय लिहून येईल, याची कल्पना करता येईल.

हा क्रम तपासण्यासाठी ‘सिलेक्शन पेन’ नावाची पट्टी उघडता येते. ऑल्ट आणि एफ-१० ही बटणे दाबली की ती दिसते. स्लाइडवरील सर्व वस्तूंची यादी तेथे असते. मात्र ही यादी खालून वर वाचायची असते. सर्वांत तळाशी असलेली वस्तू आधी वाचली जाते. नव्या आवृत्त्यांतील ‘रीडिंग ऑर्डर’ पट्टीत क्रम वरून खाली असतो. वस्तू ओढून वर-खाली केल्या की क्रम बदलतो. स्लाइडचे दिसणे सहसा तसेच राहते, केवळ एकमेकांवर ठेवलेल्या वस्तूंबाबत काळजी घ्यावी लागते.

स्लाइड ठराविक सेकंदांनी आपोआप पुढे सरकण्याची व्यवस्थाही टाळावी. डोळ्यांनी वाचण्यापेक्षा ऐकायला अधिक वेळ लागतो. वाक्य अर्धे ऐकून होते न होते तोच पुढची स्लाइड सुरू झाली, तर मागचे आणि पुढचे दोन्ही हातचे जाते.

चित्र, आलेख आणि तक्ता

चित्राला शब्दांत वर्णन जोडण्याची सोय ‘ऑल्ट टेक्स्ट’ या नावाने असते. मराठीत त्याला पर्यायी मजकूर म्हणता येईल. हे वर्णन पडद्यावर दिसत नाही. स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की ते वाचतो. वर्णन नसेल तर तो नुसते ‘चित्र’ म्हणतो, किंवा छायाचित्राच्या फाइलचे निरर्थक नाव वाचतो.

वर्णन कसे असावे? एखादा आलेख घेऊ. जनगणनेतील आकड्यांवरून महाराष्ट्राच्या साक्षरतेचा स्तंभालेख केला आहे. ‘साक्षरतेचा आलेख’ एवढ्या वर्णनाने काहीही हाती लागत नाही. ‘निळे आणि केशरी असे चार स्तंभ’ हे वर्णन खरे असले तरी निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे : ‘महाराष्ट्रातील साक्षरता, २००१ ते २०११. पुरुष ८५.९७ वरून ८८.३८ टक्के. स्त्रिया ६७.०३ वरून ७५.८७ टक्के. दोघांमधील अंतर सुमारे १९ अंकांवरून साडेबारा अंकांवर आले.’ शिक्षकाने हा आलेख ज्या कारणासाठी स्लाइडवर घेतला, ते कारण या वर्णनात आले आहे. हीच त्याची कसोटी. आकडे बरेच असतील तर ते तक्त्याच्या रूपात सोबत द्यावेत.

हल्ली संगणक स्वतःच चित्राचे वर्णन सुचवतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही वर्णने पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत. तरीही ती डोळ्यांखालून घालावीच लागतात. त्या धड्यात चित्र कशासाठी आले आहे, हे शिक्षकाइतके यंत्राला ठाऊक नसते. नुसती सजावटीची वेलबुट्टी किंवा कोपऱ्यातील नक्षी असेल, तर ती ‘डेकोरेटिव्ह’ म्हणून नोंदवावी. म्हणजे स्क्रीन रीडर तिला वगळून पुढे जातो.

तक्ता हा तक्ता म्हणूनच घालावा. एक्सेलमधील तक्त्याचे चित्र काढून चिकटवले की त्यातील सर्व आकडे मुके होतात. पहिली ओळ शीर्षकाची आहे अशी नोंद केल्यास प्रत्येक आकड्याबरोबर त्याच्या रकान्याचे नावही ऐकता येते. दोन-तीन घरे एकत्र जोडलेली असतील तर हा हिशेब बिघडतो. गणिताची समीकरणेही चित्ररूपात चिकटवू नयेत. समीकरण शब्दांत कसे वाचायचे, ते स्लाइडखालच्या टिपणात लिहून ठेवले तर अंध विद्यार्थ्यांबरोबर इतरांनाही त्याचा उपयोग होतो.

मराठी फाँटचा घोळ

येथवरचे नियम जगातील कोणत्याही भाषेला लागू पडतात. मराठी स्लाइडबाबत मात्र आणखी एक अडचण आहे आणि तिचा उगम आपल्याच भाषेच्या संगणकीय इतिहासात आहे.

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘सी-डॅक’ ही संस्था पुण्याची. ‘श्रीलिपी’ हे घराघरांत आणि छापखान्यांत पोहोचलेले सॉफ्टवेअरही पुण्यातलेच. त्या काळात सर्व संगणकांना समजेल अशी देवनागरीची सामायिक व्यवस्था रुळलेली नव्हती. त्यामुळे ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ यांसारखे अनेक फाँट एका युक्तीवर चालत. आतमध्ये रोमन अक्षर साठवायचे आणि त्याचा पडद्यावरचा आकार तेवढा देवनागरी ठेवायचा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर पडद्यावर ‘मराठी’ दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तेथे ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात.

स्क्रीन रीडरला आकार दिसत नाही. त्याला ही पाच अक्षरेच मिळतात आणि तो तीच वाचतो. सबंध स्लाइड अशी असेल तर अंध विद्यार्थ्याला एक शब्दही कळत नाही. शीर्षक, क्रम, वर्णन सारे चोख असले तरी व्यर्थ. यावर उपाय युनिकोडचा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो आणि तो जगभर एकच असतो. विंडोज २००० पासून ही सोय विंडोज संगणकांत आहे. तरीही जुन्या टिपणांवरून केलेल्या स्लाइड वर्षानुवर्षे तशाच पुढे सरकत राहतात. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. बदललेला मजकूर एकदा वाचून जोडाक्षरे आणि रफार तेवढे तपासावे लागतात. आपली स्लाइड युनिकोडमध्ये आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे : त्यातील एक ओळ कॉपी करून ई-मेलमध्ये चिकटवावी. देवनागरी तशीच उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली तर फाँट जुना आहे.

दुसरी बाब भाषेच्या नोंदीची. मजकूर कोणत्या भाषेत आहे, हे ‘रिव्ह्यू’ विभागातील ‘लँग्वेज’मध्ये जाऊन सांगता येते. ही नोंद पाहून स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकतो. मराठी मजकुरावर इंग्रजीची नोंद राहिली, तर इंग्रजी आवाज देवनागरीपाशी गप्प बसू शकतो किंवा अडखळतो. हिंदी आवाजाने वाचलेले मराठी समजते, पण ‘चमचा’ आणि ‘जग’ यांतील च-ज हिंदी वळणाचे होतात आणि लांबलचक धडा त्या उच्चारांत ऐकणे कंटाळवाणे ठरते. मराठी आवाज ‘एनव्हीडीए’बरोबर येणाऱ्या ‘ईस्पीक’मध्ये आहे.

फाइल हाती हवी

स्लाइड कितीही नीट केली, तरी भिंतीवरच्या पडद्यावरून ती स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. फाइल विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर हवी आणि तीही व्याख्यानाआधी. २०२० मध्ये करोनाच्या साथीत वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा हा प्रश्न अधिकच ठळक झाला. व्हिडिओ बैठकीत आपण पडदा ‘शेअर’ करतो, तेव्हा समोरच्याकडे पोहोचते ते केवळ हलते चित्र. त्यातील अक्षरे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने अक्षरे नसतातच. स्लाइडचे मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटात टाकण्याची पद्धतही अशीच. चित्रातील अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर थोडीफार मदत करते. पण क्रम, तक्ते आणि आकृत्या त्याला बहुधा नीट पेलत नाहीत.

पीडीएफ करून द्यायची असेल, तर ‘प्रिंट’मधून न करता ‘सेव्ह अॅज’ किंवा ‘एक्सपोर्ट’मधून करावी आणि सुगमतेच्या खुणा जपण्याचा पर्याय चालू ठेवावा. छपाईच्या मार्गाने केलेल्या पीडीएफमध्ये शीर्षके, क्रम आणि चित्रांची वर्णने गळून पडतात. शक्य असेल तेथे मूळ फाइल देणेच श्रेयस्कर.

आणि बोलण्याचे काय? फळ्याच्या काळातील सवय येथे परत आणता येईल. ‘इथे’ म्हणण्याऐवजी ‘तिसऱ्या रकान्यात’ म्हणावे. ‘हा वाढला’ म्हणण्याऐवजी ‘स्त्रियांचे प्रमाण वाढले’ म्हणावे. ‘लाल रंगातील मुद्दे परीक्षेसाठी महत्त्वाचे’ असे सांगण्याऐवजी त्या मुद्द्यांपुढे ‘महत्त्वाचे’ असा शब्दच लिहावा. रंगांधळ्या विद्यार्थ्याचीही त्यामुळे सोय होते. मागच्या बाकावर बसलेल्यालाही असे व्याख्यान अधिक स्पष्ट कळते.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. उच्च शिक्षणाच्या शासकीय आणि अनुदानित संस्थांत किमान पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. माहिती आणि संपर्काची साधने त्यांना वापरता येतील अशी असावीत, हे पाहण्याची जबाबदारी कलम ४२ अन्वये शासनावर टाकण्यात आली आहे. म्हणजे जागा राखून ठेवली आणि धडा मात्र वाचता न येणाऱ्या रूपात दिला, तर कायद्याचा हेतू अर्ध्यावर राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे या बाबतीत दोन महत्त्वाचे निर्णय दिले. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना, सुगमतेचे निकष ऐच्छिक शिफारशींच्या पातळीवर ठेवणारा नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान निकष बंधनकारक करणारे नियम तीन महिन्यांत आखण्याचे निर्देश दिले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. हा दुसरा खटला बँक व दूरसंचार सेवांसाठी लागणाऱ्या ऑनलाइन ओळख पडताळणीचा होता. त्यातील तत्त्व मात्र वर्गखोलीलाही लागू पडण्याजोगे आहे.

दहा मिनिटांची परीक्षा

ऑफिसच्या २०१० च्या आवृत्तीपासून ‘चेक अॅक्सेसिबिलिटी’ ही सोय आहे. शुद्धलेखन तपासावे तशी ती स्लाइडमधील उणिवा दाखवते : शीर्षक नाही, चित्राला वर्णन नाही, तक्त्याला मथळा नाही. वर्णन आहे की नाही, एवढेच ती सांगते. वर्णन अर्थपूर्ण आहे का, हे माणसालाच पाहावे लागते.

त्यासाठी सर्वांत खात्रीची परीक्षा घरच्या घरी घेता येते. ‘एनव्हीडीए’ विनामूल्य उतरवून घ्यावे, आपलीच स्लाइड उघडावी, संगणकाचा पडदा बंद करावा आणि दहा मिनिटे नुसते ऐकावे. जेथे आपल्यालाच अर्थ लागत नाही, तेथे दुरुस्ती हवी. महाविद्यालयाने एकदा तयार चौकटींचा, योग्य फाँटचा आणि ठळक रंगसंगतीचा नमुना करून सर्व प्राध्यापकांना दिला, तर पुढच्या प्रत्येक स्लाइडमागचे बरेचसे काम आधीच झालेले असेल. जुन्या स्लाइड एकदम बदलणे शक्य नसते. पुढच्या सत्राच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करता येते.

थोडक्यात

* प्रत्येक स्लाइडला वेगळे शीर्षक द्यावे. मजकूर तयार चौकटीतच लिहावा.
* वाचनाचा क्रम ‘सिलेक्शन पेन’ किंवा ‘रीडिंग ऑर्डर’मध्ये तपासावा.
* चित्राच्या वर्णनात त्याचे प्रयोजन सांगावे. सजावट तशी नोंदवावी.
* तक्ते आणि समीकरणे चित्ररूपात चिकटवू नयेत.
* मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि त्याची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी.
* दुव्याला ‘येथे क्लिक करा’ असे न लिहिता तो कशाचा आहे ते लिहावे.
* अंधूक दिसणाऱ्यांसाठी अक्षरे मोठी ठेवावीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील ठळकपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे.
* फाइल व्याख्यानापूर्वी विद्यार्थ्यांना द्यावी.
* पडद्यावर जे दाखवले, ते तोंडानेही सांगावे.